परत आलेली पोती

१२ सप्टेंबर

आज नोकरी सोडली. मासळी साफ करायच्या शेडमध्ये इतकी वर्षं थंड फरशीवर उभी राहिले आणि मुकादमानं निरोपाला काय दिलं, तर छत्री. "वेड लागलंय तुला," म्हणाला. "कचरा वेचायला कोणी पगार सोडतं का?" मी छत्री घेतली. चांगली आहे छत्री.

वेड म्हणायचं तर ते आजचं नाही. माशाचं पोट फाडलं की पूर्वी क्वचित कधीतरी काहीतरी निघायचं. पिशवीचा तुकडा, बाटलीचं झाकण. बायका एकमेकींना दाखवायच्या, हसायच्या. हल्ली कोणी दाखवत नाही, कारण सगळ्यांच्याच हाताला लागतं. मागच्या महिन्यात एका माशात बाहुलीचा हात निघाला, पाच बोटांसकट. मी तो बादलीत टाकला, पुढचा मासा घेतला, आणि मग मला पुढचा मासा फाडता येईना.

घरी येऊन दादाला सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "तसेही मासे राहिलेत कुठे? माझी बोट धक्क्याला बांधून सडतेय. तू गोळा कर, मी खाडीपलीकडे कारखान्यात नेऊन देतो. ते वितळवतात, दाणे करतात. ठमे, करूया आपण."

लग्न मोडून मी परत आले, तेव्हाही त्यानं काही विचारलं नव्हतं. मागची खोली रिकामी करून दिली आणि वहिनीला म्हणाला, "हिला उशी जाड लागते." एवढंच.

२५ सप्टेंबर

मिठाचं जुनं गोदाम नगरपालिकेनं वापरायला दिलं. बोटीला लागेल ते डिझेलही देणार आहेत. भिंती खारानं फुगल्यात, मागचं चुन्यात बांधलेलं दगडी कुंपण अर्धं पडलंय, पण छप्पर शाबूत आहे.

आम्ही सहा जणी. सगळ्यांत मोठ्या मावशी. त्या कोणाच्याच मावशी नाहीत, पण गावभर मावशी. पहिल्याच दिवशी त्यांनी किनाऱ्यावरच्या चपला वेगळ्या काढल्या आणि म्हणाल्या, "सगळ्या डाव्या पायाच्या आहेत गं. उजव्या पायाची माणसं शहाणी दिसतात." पोट धरून हसलो.

हसणं संपल्यावर मात्र वाकूनच राहायचं होतं. भरतीनं सोडलेली एक लांब रेघ किनारभर पसरलेली असते. बाटल्या, पिशव्या, खाऊची चकचकीत पाकिटं, कान कोरायच्या काड्या, तुटलेल्या जाळ्यांची भेंडोळी. मी इतके दिवस समजत होते की हे सगळं बोटींवरून पडतं. जाळी पडतात, ते खरंच. पण बाकीचं आमच्याच बाजारातलं. नाल्याच्या तोंडाशी उभी राहिले तर माझ्या नेहमीच्या दुकानाची पिशवी माझ्यासमोरून समुद्रात गेली. आत मिरच्यांची देठंसुद्धा होती.

वाळू मुठीत घेतली तर तीही नुसती वाळू नाही. रंगीत कण आहेत तिच्यात. ते कसे वेचायचे, हे मात्र कोणालाच माहीत नाही.

९ ऑक्टोबर

पहिली खेप गेली. जुन्या जाळ्यांचीच पोती शिवली आम्ही. मी दादाबरोबर बोटीतून गेले. कारखान्यात आमच्या बाटल्या यंत्रात पडताना पाहिल्या. पलीकडून चुरा आला, मग धुऊन, वितळून दाणे. मूठभर दाणे मला हातात दिले, अजून कोमट होते. तिथला सुपरवायझर तरुण आहे, "ताई, ताई" करत होता. बाकीच्या पोत्यांकडे बघून म्हणाला, "हे सगळं तपासून सांगतो."

येताना दादानं सुकाणू माझ्या हातात दिलं. लहानपणी देत नव्हता.

३० ऑक्टोबर

मागच्या खेपेला मी धक्क्यावरच राहिले होते. दादा म्हणतो, आता तू बोटीत येऊच नकोस. तेवढ्या जागेत दोन पोती जास्त मावतात. पटलं मला. मी धक्क्यावरून हात हलवते, तो भोंगा वाजवतो.

बारीकसारीक गोष्टींत त्याचं लक्ष असतं, याचं मला खरंच कौतुक वाटतं. आज म्हणाला, "पोत्यांच्या गाठी दुहेरी मार. आतलं काही सुटून पाण्यात पडायला नको." आम्ही दुपारभर बसून सगळ्या गाठी परत बांधल्या. मावशी म्हणाल्या, "तुझा भाऊ माझ्या नवऱ्यापेक्षा नेटका आहे." मी म्हटलं, तुमच्या नवऱ्यापेक्षा तर तो कुंपणावरचा बोकाही नेटका आहे.

१६ नोव्हेंबर

थर्माकोल देऊ नकोस म्हणाला दादा. "हलका असतो, जागा फार अडवतो." तेही खरंच. कोपऱ्यात ठेवत चाललोय. डोंगर झालाय नुसता. वारा आला की गोदामभर पांढरे दाणे उडतात, मावशींच्या केसांत जाऊन बसतात.

मागच्या कुंपणाचे दगड कोणीतरी उचलून नेतंय. आधी अर्धं होतं, आता पावही नाही. रस्त्याच्या कामावरचे लोक असतील. दादाला म्हटलं, जरा लक्ष ठेव. "ठेवतो," म्हणाला.

७ डिसेंबर

शाळेतली मुलं आली होती गोदाम बघायला, नगरपालिकेचे साहेबही आले. मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच, इतक्या लोकांसमोर. माशाच्या पोटातलं सगळं सांगितलं. मग म्हटलं, इथून बोटीत चढलेलं पोतं परत समुद्रात जाणार नाही, याची जबाबदारी माझी. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दादा मागे दाराशी उभा होता. टाळ्या संपेपर्यंत निघून गेला. इंजिनात काहीतरी काम होतं म्हणे. त्याला असली भाषणं-बिषणं कधीच आवडली नाहीत.

घरी आल्यावर वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उत्साहानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतकं मनाला लावून घेऊ नकोस गं. शेवटी कचराच तो." मला राग आला. माझं काही चांगलं झालेलं तिला बघवत नाही का? इतकी वर्षं मी मागच्या खोलीत पडून होते, तेव्हा बरी होते.

हे लिहिलं आणि वाईट वाटलं. ती तशी नाही. पण लिहिलं ते लिहिलं.

१४ जानेवारी

दादा बारीक झालाय. ताटातलं अर्धं टाकतो. खेप करून आला की माझ्याशी न बोलता सरळ अंघोळीला जातो. वय झालं. त्याच्यावर फार ओझं टाकतेय का मी? आज म्हटलं, "दादा, दमलास तर दोन आठवडे खेप नको करू." तो माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला, की मीच म्हटलं, काय झालं? "काही नाही," म्हणाला. "सुकाणू धरून हात भरून येतो."

४ फेब्रुवारी

वादळ. परवापासून घराबाहेर पाऊल टाकलं नाही. धक्क्याच्या पायऱ्या दिसत नाहीत. दादा खिडकीपासून हलत नाही. वहिनी म्हणाली, "बोट नीट बांधलीय ना? मग?" तो म्हणाला, "बोटीचं काही नाही."

६ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

वादळ ओसरलं म्हणून सकाळी आम्ही सगळ्या किनाऱ्यावर गेलो. मावशी पुढे होत्या. त्या थांबल्या आणि मागे वळल्या. मला म्हणाल्या, "तू नको येऊस पुढे." म्हणून मी पुढे गेले.

आमची पोती होती. आमच्याच हातची, दुहेरी गाठींची. काही फाटून आतला माल वाळूवर सांडलेला, काही तशीच्या तशी बंद, शेवाळ धरलेली. खाडीच्या तोंडाशी भूशिर आहे, तिथपासून नाल्यापर्यंत. एका पोत्यात जाळीला अडकून मेलेला मासा होता, डोळे खाल्लेले.

बायका माझ्याकडे बघत होत्या. मी एक पोतं उचलायला गेले तर उचलेना. गाठ सोडली. आत आमच्या पिशव्या आणि तळाशी दगड. घडवलेले दगड, एका बाजूला चुना लागलेला.

कारखान्यानं हे केलं. आमच्याकडून माल घ्यायचा आणि जड करून समुद्रात टाकायचा. यंत्राचा खर्च वाचला. ताई ताई म्हणत होता तो. इतके दगड त्यानं आणले तरी कुठून?

दादा धक्क्यावर होता. त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाला, "तू जाऊ नकोस तिकडे. मी बघतो. मला चार दिवस दे." मी म्हटलं, तू साधा माणूस, तुला ते गुंडाळून ठेवतील. बोटीनं नेत नसशील तर बसनं जाईन.

७ फेब्रुवारी

बस खाडीला वळसा घालून जाते. वाटभर मी शब्द जुळवत होते. फाटकातच सुपरवायझर भेटला आणि मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन कामगार काम सोडून ऐकत उभे राहिले.

त्यानं मला पूर्ण बोलू दिलं. मग खुर्ची आणून दिली.

"ताई, तुमच्याकडून आम्ही फक्त बाटल्या घेतो," तो म्हणाला. "बाकीचा माल पहिल्या खेपेलाच तपासला. पातळ पिशव्यांत वाळू, मीठ. यंत्राची पाती जातात. ती चकचकीत पाकिटं तर वितळतच नाहीत, आतून धातूचे पदर असतात त्यांना. जाळी आम्हाला चालत नाहीत. दुसऱ्या खेपेला तुमच्या भावाला स्पष्ट सांगितलं, एवढं आमच्याच्यानं होणार नाही, परत न्या."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाले, बहिणीला मी सांगतो." तो माझ्याकडे बघत राहिला. "सांगितलं नाही का त्यांनी?"

मी पाणी मागितलं. त्यानं दिलं. ज्याला मी फाटकात शिव्या घातल्या, त्यानंच मला बसपर्यंत सोडलं. वाटेत त्याची माफी मागायचीही राहून गेली.

बसमध्ये खिडकीतून खाडी दिसत होती. चुना लागलेले ते दगड गोदामाच्या कुंपणाचे, हे मला तेव्हा कळलं. खरं सांगायचं तर काल पोत्यात हात घातला तेव्हाच माझ्या हाताला कळलं होतं. मलाच कळवून घ्यायचं नव्हतं.

८ फेब्रुवारी

काल संध्याकाळचं आज लिहितेय.

दादा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. वहिनी भांडी घासत होती. मी आत गेले तशी तिनं नळ बंद केला.

"जाऊन आलीस," दादा म्हणाला.

"हो."

"मग कळलंच असेल."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तो टेबलावरच्या पाण्याच्या थेंबातून बोट फिरवत होता. "त्या दिवशी मी सगळं परतच आणणार होतो," म्हणाला. "भूशिराला वळसा घातला तर तू धक्क्यावर उभी दिसलीस. हात हलवत होतीस. घरी परत आल्यापासून तुला तशी पाहिली नव्हती. म्हटलं, आज नको. एकदा पलीकडे जाऊन सोडतो आणि पुढच्या खेपेला सांगतो."

"आणि पुढच्या खेपेला?"

"पुढच्या खेपेला पोती जास्त होती."

मी त्याला विचारलं, गाठी दुहेरी कशाला मारायला लावल्यास. थर्माकोल का नको होता, ते मी विचारलंच नाही. तरंगतो तो. एवढं तर कोणालाही कळावं. माझ्या कोपऱ्यात डोंगर उभा राहिला, तरी मला कळलं नाही.

"सगळं तुझ्यासाठी केलं असं म्हणत नाही मी," तो म्हणाला. "बोट चालू होती. सकाळी उठून मलाही जायला जागा होती. आता मासे नाहीत, तर मी कोण? धक्क्यावर बसून पत्ते खेळणारा. खोटं नाही सांगत."

"आता नाही सांगत," मी म्हटलं.

वहिनी म्हणाली, "मी सांगणार होते तुला. त्या दिवशी घड्या घालताना..."

"तुलाही माहीत होतं."

ती रडायला लागली. तिच्या रडण्याचा मला इतका राग आला, की माझं स्वतःचं रडूच थांबलं. मुलांसमोर मी जबाबदारी घेतली, तेव्हा तो दाराशी उभा होता. मी बोलत होते आणि त्याला माहीत होतं. तो टाळ्या संपेपर्यंतसुद्धा थांबला नाही, याचं मी इथे काय कारण लिहिलंय ते मागची पानं उलटून बघितलं. मग वही मिटून ठेवली.

११ फेब्रुवारी

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. ते सगळं वाळूवर पडलं होतं. वाकलं तर हाताला येत होतं. आम्ही ते उचललं, निवडलं, नेटानं बांधलं आणि जिथे कोणाचाच हात पोचणार नाही अशा ठिकाणी नेऊन बुडवलं. आम्ही काहीच केलं नसतं, तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी

बायकांना सांगितलं. दादाचं नाव घेऊन सांगितलं.

एक जण तिथल्या तिथे उठून गेली. दुसरी म्हणाली, "तुझ्याच घरात होतं आणि तुला माहीत नव्हतं? कोण विश्वास ठेवणार?" तिचं बरोबर आहे. मीसुद्धा ठेवला नसता.

मी रडायला लागले तेव्हा मावशी म्हणाल्या, "तू रडू नकोस. तू रडलीस की आम्हाला तुझी समजूत घालावी लागते. आम्हाला राग आलाय, तो नीट येऊ दे." मग त्यांनी झाडू घेतला आणि किनाऱ्यावर आलेली पोती मोजू नका, उचला, एवढंच म्हणाल्या.

नगरपालिकेच्या साहेबांनाही जाऊन सांगितलं. डिझेल बंद होईल म्हणाले. व्हावंच.

२ मार्च

बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर खोली घेतली. खाली दिवसभर यंत्र घरघरतं, फरशी गार असते, पण दार माझं आहे. सामान हलवताना दादा मदतीला आला नाही. शहाणपणा केला. वहिनी जाड उशी घेऊन आली. दाराबाहेर ठेवून गेली. मी आत घेतली, कारण उशीचा काय दोष?

मासळीच्या शेडमध्ये परत लागले, अर्धा दिवस. मुकादम जरासुद्धा हसला नाही. त्यापेक्षा हसला असता तर बरं.

दुपारनंतर आम्ही उरलेल्या चौघी नाल्यावर असतो. तोंडाशी आडवं जाळं बांधलंय. बाजारातून येतं ते तिथेच अडतं, खारं व्हायच्या आत, वाळू लागायच्या आत. असा माल सुपरवायझर तपासून घेतो म्हणाला. सगळा नाही, पण बाटल्यांखेरीज जाड डबेही घेईल. मी त्याची माफी मागितली. तो लाजला.

चकचकीत पाकिटं कोणीच घेत नाही. ती गोदामात रचून ठेवतोय आणि दारावर लिहिलंय की, याचं काय करायचं ते आम्हाला माहीत नाही. दुकानदार ते वाचतात आणि चिडतात. दोघांनी पातळ पिशव्या द्यायच्या बंद केल्या. बाकीच्यांनी आम्हाला बघून वाट बदलली.

दादाला धक्क्यावर दोनदा पाहिलं. मी रस्ता ओलांडला.

१९ मार्च

काल दादा खोलीवर आला. आत बोलावलं नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलला.

"भूशिरापलीकडे गळ टाकून बघितला. तळाला लागतात पोती. वर येतात, पण एकट्याला ओढवत नाहीत."

"धक्क्यावर माणसं आहेत."

"माणसं मिळतायत. मी तुला विचारायला आलोय."

दार लावून घेतलं. आज सकाळी बोटीवर गेले. का गेले ते स्वतःला विचारलं, तर उत्तर एवढंच येतं की पोती माझी आहेत.

भूशिरापलीकडे पाणी गडद आहे. तो गळ सोडत होता, बोट हळूहळू मागे घेत होता. किती खोल, कुठे किती टाकली, त्याला सगळं पाठ होतं. दर खेपेला तो इथे थांबला असेल, इंजिन बंद केलं असेल, मग एकेक पोतं. आणि मग घरी येऊन माझ्यासमोर जेवायला बसला असेल.

पहिलं पोतं वर आलं ते चिखलानं काळं झालेलं. पाणी निथळलं तशी आतली पाकिटं चकाकली. इतके महिने तळाशी राहूनही त्यांच्यावरचे रंग तसेच होते. दादानं ते बोटीत घेतलं आणि पुन्हा गळ सोडला. कुठे ठेवणार, हे आम्ही बोललो नाही. गोदामच आहे फक्त.

तिसऱ्या पोत्याला गळ अडकला तेव्हा दोर एकदम ताठ झाला. त्यानं बोटीच्या कठड्याला पाय लावला. ओढता ओढता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठमे, काहीतरी बोल गं. शिव्या दे. किती दिवस झाले."

दोर त्याच्या तळव्यातून सरकत होता, कातडी सोलवटत होती, आणि खाली ते पोतं पुन्हा तळाकडे चाललं होतं.

मी उठून त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. दोर धरला.

"ओढ," म्हटलं.